हरवले-सापडले

सुषमाताई रेडिओवर नसत्या, तर मी नाशकात टिकलोच नसतो. नववीत शाळा सोडून गोंदियाहून आलो आणि स्टँडवरच कागदांची पिशवी हरवली. इथल्या एफएमवरच्या 'हरवले-सापडले' कार्यक्रमात ताईंनी जाहिराती थांबवून तीनदा सांगितलं, "अहो, पोरगं परगावचं आहे, पिशवी आणून द्या." संध्याकाळी मिळाली.

पुढे ते रेडिओ स्टेशन विकलं गेलं, ताई घरी बसल्या. आज त्याच कार्यक्रमात, पाटली हरवलेल्या आजीला नवा निवेदक फोनवर म्हणाला, "सापडली हो!" ती रडत म्हणाली, "देव तुझं भलं करो, बाळा." हा खिदळला, "कशी गंमत केली, आजी!"

शिसारी आली. आवाज लोकांच्या घरात शिरतो, त्याला काही लाज हवी. मी कारखान्यातला रेडिओ बंद केला. मालक ओरडले, "लाव परत!" नोकरी जाईल हे कळत होतं, तरी हात उठेना.

ताई, कसे ते ठाऊक नाही, पण तुमचे उपकार मी एक दिवस फेडीन.