गळा मोकळा हवा

"ऑपरेशन सोपं आहे. अवघड आहे ती भूल," लातूरच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या.

माझी गौरा तेव्हा चार महिन्यांची. जवळच्या मुरुडहून तिला हर्नियासाठी आणलं होतं. जांघेतली गाठ आम्हाला दिसली होती. तिच्या बारक्या हनुवटीचं मात्र आम्ही कौतुकच करत आलो होतो, आजोबांवर गेली म्हणून. उताणी ठेवली की ती घरघरायची, त्याचाही अर्थ कुणाला लागला नव्हता.

डॉक्टरांनी समजावलं, याला 'डिफिकल्ट एअरवे' म्हणतात. भूल दिल्यावर श्वासासाठी घशातून नळी घालतात. जबडा लहान असला की जीभ मागे पडते आणि नळीची वाट दिसत नाही. कॅमेऱ्याचं यंत्र घेऊन नांदेडहून दुसरे डॉक्टर येतील, तेव्हाच करू.

तोवर मी गौराच्या छातीकडेच बघत बसायचे. वर-खाली होतेय ना, एवढंच.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर म्हणाल्या, "गळा मोकळा हवा." तिच्या गळ्यात दोऱ्यात बांधलेलं इष्टलिंग, शंकराची छोटी पिंड, होतं. आमच्या लिंगायत घरात ते बाळाला बांधतात आणि अंगावेगळं करत नाहीत. सासूबाईंनी दोरा मुठीत धरला. "लेकराच्या अंगावरून उतरायचं न्हाई."

मी डॉक्टरांना बाजूला नेऊन विचारलं, गळाच का? त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नळी गेलीच नाही, तर गळ्याला छेद देऊन श्वास द्यावा लागेल. ती वेळ येऊ नये म्हणूनच आम्ही दोघं आहोत."

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की मशीनला अडचण होते. तोड डॉक्टरांनीच काढली. "उजव्या दंडावर बांधा, डावा हात मला सलाईनला द्या." सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दंडावर बांधलं.

बाहेर बाकावर मला सगळ्यांचाच राग येत होता, शेजारी निवांत चहा पिणाऱ्या माणसाचासुद्धा.

शेवटी नांदेडचे डॉक्टर बाहेर आले. "पहिल्यांदा वाट दिसली नाही. मास्कने श्वास देत राहिलो, मान जरा वेगळी ठेवली, मग नळी गेली. ऑपरेशनही झालं." आतून गौराचं घोगरं, चिडकं रडणं ऐकू आलं. तिचं रडणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. या दोन्ही डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या बाळाला भूल द्यायची असेल, तर ते झोपेत घरघरतं का, दूध पिताना दमतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

संध्याकाळी सासूबाई इष्टलिंग पुन्हा गळ्यात बांधत होत्या.

"गळा कशाला मागितला ते मला तवाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तू लई घाबरशील म्हणून गप बसले."

मी त्यांना बिलगले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडले.