चाळीस जुनी कव्हरं

बस गं माझ्या शेजारी. तू हिंजवडीच्या हॉस्टेलवर आणि मी इकडे हडपसरला, मधे अख्खं पुणं, तेव्हा बस म्हटलं की मनातल्या मनातच बसायचं. पण बस. आणि तो फोन पालथा ठेव, सगळा घोटाळा त्यानेच केलाय. पत्त्यांच्या दुकानदाराला फोन करून ‘आजीला जरा सांभाळून घ्या’ असं सांगायला तुला कोणी सांगितलं होतं? मी काय बालवाडीत चालले होते?

नात झालीस म्हणून बोलणी खायची नाहीत असं नाही. रविवारी रात्री फोनवर ‘आजी, खेळच तर आहे’ म्हणून हसलीस तू. काय झालं ते न ऐकताच हसलीस. आता ऐक.

हा चित्रांच्या पत्त्यांचा, ज्याची त्याची वेगळी गड्डी असलेला खेळ मला शिकवलास तूच. कॉलेजात असताना तुझा पाय प्लास्टरमध्ये होता, समोर बसायला कोणी नव्हतं, म्हणून मला बसवलंस. सातवी शिकलेली बाई मी. पत्त्यांवरचं इंग्रजी तुझ्याकडून वाचून घेत घेत एक दिवस माझं मीच वाचायला लागले. मग तुला नोकरी लागली, पत्त्यांचा डबा माझ्याकडे टाकून तू गेलीस. तुझा खेळ सुटला, माझा नाही सुटला. गेली चार वर्षं दर रविवारी अकरा वाजता मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या वरच्या मजल्यावरच्या त्या दुकानाचा जिना मी चढते. चार वर्षं तेच ऐकते, ‘आजी, पाणी घ्या. आजी, पंख्याखाली बसा.’ पंख्याखाली पत्ते उडतात हे त्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच ती खुर्ची रिकामी असते.

या वेळी दुकानातून तिघांचा संघ जाणार होता, शहरातल्या दुसऱ्या दुकानांशी खेळायला. दोन जागा आधीच गेल्या होत्या. तिसऱ्या जागेसाठी दोघंच उरलो, मी आणि तुझ्याच हिंजवडीतून मोटारसायकलवर येणारा तो कंपनीतला माणूस. पस्तिशीचा असेल. स्वतःची चटई गुंडाळी करून आणतो, पत्ते टेबलाला लागू नयेत म्हणून. पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, “आजी, भाजीवाली खाली बसते.” मी म्हटलं, “माहीत आहे. तुमच्यापेक्षा जास्त बोलत नाही ती.” तेव्हापासून आमचं असंच आहे. मला तिसरी जागा हवी होती. आजी म्हणून दुकानात बसवून घेतलेली नाही, खेळाडू म्हणून पाठवलेली, असं एकदा तरी हवं होतं. एवढंच होतं माझं.

आणि नेमकं त्याच्या आधी रोटेशन आलं. तू विसरली असशील म्हणून सांगते. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षर असतं. वर्षातून एकदा पत्ते काढणारी कंपनी जाहीर करते, अमुक अक्षराचे पत्ते आता स्पर्धेत बाद. पत्ता फाटलेला नाही, विटलेला नाही, गेल्या रविवारी त्यानेच डाव काढून दिलेला, आणि आज तो घरी बसवायचा. मला या प्रकाराची चीड आहे. आमच्या शेतावर टॉवर उभे राहिले तेव्हा निदान सह्या तरी घेतल्या होत्या.

माझ्या साठ पत्त्यांच्या गड्डीचा जीव म्हणजे ते काटेरी कासव. ते पुढे बसवायचं, समोरच्याला मारू द्यायचं, आणि मग तो खलबत्तावाल्या बाईचा पत्ता टाकायचा, त्याला मी वैदूबाई म्हणायची. वैदूबाई आली की कासवाच्या जखमा भरल्या. समोरचा मारून मारून दमायचा. चारही वैदूबाया गेल्या रोटेशनमध्ये. त्यांच्याबरोबर आणखी सोळा गेले. म्हणजे वीस पत्ते नवे घालायचे.

दुकानातले सगळे नेटवरून दुसऱ्याची गड्डी जशीच्या तशी उतरवून आणतात. मी नाही आणत. दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. या खुर्चीवर मी, त्या खुर्चीवरही मीच. उठून तिकडे जायचं, तिकडून डोकं लढवायचं, परत इकडे यायचं. तुझे आजोबा म्हणाले, “दोघीतली कोणती स्वयंपाक करणार आहे?” शेवटी जमलं. पुढे नवा गरुड, चपळ, झटकन मारणारा. समोरच्याचे चांगले पत्ते त्याच्यावर खर्ची पडले की मागून कासव आणायचं. चाळीस जुने, वीस नवे. गड्डी हातात अशी बसली की मीच खूश झाले.

आणि इथेच मी माती खाल्ली. पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं असतात, पाठी सगळ्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून. चाळीस पत्ते जुन्या काळ्या कव्हरांत होतेच. त्याच काळ्या कव्हरांचं अर्धं पाकीट शिल्लक होतं, त्यात नवे वीस घातले. रंग तोच, माप तेच. चांगली कव्हरं फेकून साठच्या साठ नवी कशाला आणायची? दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी बाई मी.

रविवारी बसलो समोरासमोर. तीन डाव, दोन जिंकेल त्याची जागा. बाकीचे भोवती उभे. पहिला डाव माझा चालला होता. गरुडाने त्याचे दोन मोठे पत्ते पाडले. तो ओठ चावायला लागला. आणखी दोन वेळा हात फिरला असता तर डाव माझा. त्या वेळी माझ्या हातात एक पत्ता होता, तो खेळला की हातातले सगळे गड्डीत मिसळून, पिसून, नवे पाच उचलायचे. मी खेळायला घेतला, आणि ठेवला. गड्डीवर बोट टेकलं होतं, का कोण जाणे वाटलं, नको पिसायला. वरचाच पत्ता उचलला. नवा गरुड!

तो खुर्चीत मागे टेकला. “जज,” त्याने हाक मारली. मग मला म्हणाला, “आजी, जरा गड्डी बघू?”

दुकानदारच तिथे पंच. तो आला. हिंजवडीच्या त्या माणसाने माझी गड्डी पालथीच हातात घेतली आणि एकेक पत्ता डावी-उजवीकडे ठेवत गेला. न उलटता, नुसती पाठ बघून. डावीकडे मंद झालेल्या, कडा घासलेल्या पाठी. उजवीकडे चकचकीत. मग उजवीकडची चवड उलटली. सगळे नवे पत्ते. माझ्या गड्डीतले सगळे जोराचे.

“वरचं कार्ड कुठलं आहे ते हिला आधीच कळतं,” तो म्हणाला. आजीचं ‘ही’ झालं बघ लगेच.

“तोंड सांभाळून बोला,” मी म्हटलं.

“मी कुठे काय म्हटलं? पाठीच बोलतायत.”

कोणीतरी हसलं. माझे कान तापले. दुकानदार मधे पडला, “अहो, जाऊ द्या. आजींना काय कळतंय त्यातलं. नियमाने डाव जातो, पण मी फक्त ताकीद देतो. आजी, कव्हरं बदला आणि हाच डाव पुढे खेळा.”

किती गोड बोलला! डाव समोर होता, दोन हातांवर. गप्प बसले असते तर मिळालाच असता. पण मला ते भुईमुगाच्या शेंगांसारखं झालं गं. लग्न होऊन आले तेव्हा इथे शेती होती, बियाण्याच्या शेंगा मी निवडायचे. वर्षानुवर्षं. पोकळ शेंग डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळायची. तेच बोट त्या गड्डीवर टेकलं होतं. मी ठरवून फसवलं नाही, देवाशपथ नाही. पण ‘का कोण जाणे वाटलं’ हे खोटं होतं. बोटाला गुळगुळीत लागलं होतं, म्हणून नाही पिसली.

“आजींना कळतंय,” मी म्हटलं. “डाव जातो ना नियमाने? मग घ्या.”

“अहो आजी, कशाला उगीच…”

“यांची कव्हरं अशी निघाली असती तर यांना सोडलं असतंत?”

दुकानदार कव्हरांची पाकिटं नीट लावायला लागला.

“मग मला कशाला सोडता?”

तेव्हा तो हळूच म्हणाला, “तुमच्या नातीचा फोन आला होता परवा. सांभाळून घ्या म्हणाली.”

सगळ्यांसमोर, बरं का. त्या चटईवाल्यासमोर. खोटारडी ठरवलं त्याचा राग एका जागी, आणि तुझ्या फोनचा राग दुसऱ्या. दुसरा जास्त लागला. मी दुकानदाराला म्हटलं, “एक पाकीट नवी कव्हरं द्या. आणि हा डाव त्यांच्या नावावर लिहा.”

दहा मिनिटं मिळाली. साठ पत्ते काढायचे, साठ घालायचे. एकजण मदतीला सरसावला, त्याला म्हटलं, हात लावू नका. एक पत्ता खाली पडला, तो माझा मीच उचलला. समोरचा मोबाईल बघत बसला होता, मधेच म्हणाला, “सावकाश आजी, मला संध्याकाळपर्यंत वेळ आहे.”

दुसरा डाव मी त्याचा चोळामोळा करून जिंकला. आता सगळ्या पाठी सारख्या होत्या, बोटाला काही कळत नव्हतं, तरीही. ते कोणी मोठ्याने म्हटलं नाही, पण हसणारा हसायचा थांबला.

तिसरा डाव बरोबरीत चालला होता. कासव पुढे होतं, चांगलंच जखमी. त्याला मागे घेऊन गरुड आणायला हवा होता, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी नाही घेतला. चार वर्षांची सवय गं. कासव जखमी झालं की थांबायचं, वैदूबाई येतेच. मी पत्ता उचलला. नाही आली. मग आठवलं, ती येणारच नाही, ती घरी डब्यात आहे. पुढच्या फटक्यात कासव गेलं, आणि जागाही.

त्याने हात पुढे केला. “वेल प्लेड, आजी.”

“टेबलावर आजी म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणू?”

“काही म्हणू नका. पत्ते उचला.”

हात मात्र मिळवला मी. त्याचा डाव नियमाने होता, खरं बोलला होता, म्हणून. आवडत नाही तो मला, आणि आवडणारही नाही.

आता तुला का सांगतेय हे. राखीव खेळाडूची एक जागा आहे, तिच्यासाठी पुढच्या महिन्यात परत खेळायचं आहे. दोन खुर्च्यांवर मी एकटीच बसून भागत नाही, मी माझ्याशी लबाडी करते हे आता मला ठाऊक झालंय. वैदूबाईची वाट बघायची सवय मोडायची तर समोर कोणीतरी दुसरं हवं. तू मला शिकवताना दर तिसरा डाव मुद्दाम सोडायचीस, कळत होतं मला. चांगले पत्ते हातात दाबून ठेवायचीस. ते आता चालणार नाही.

त्या दुकानदाराला फोन कर आणि म्हण, सांभाळून घेऊ नका. एवढं केलंस की राग अर्धा गेला समज. उरलेला अर्धा टेबलावर बघू. साठच्या साठ नवी कव्हरं घातलीत, तुझ्या जुन्या गड्डीलाही घातलीत. येत्या शनिवारी ये. सकाळी लवकर निघ, हिंजवडीच्या गर्दीत अडकलीस तर दुपार उजाडेल. जेवायला भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी करते. आणि ये ती मला हरवायला ये.