लुंबिनीतल्या कोऱ्या नोटा

अड्याळच्या बाजारात मिरचीच्या ढिगामागं बसणारी बायजाबाई कुणाला भीत नाही. गिऱ्हाईक मिरची मोडून पाहू लागलं की हातावर फटका मारते. मीही एकदा खाल्ला आहे. तरी तिची गोष्ट मीच सांगणार. गावात दुसऱ्या कुणाला ती नीट सांगता यायची नाही.

विहारातल्या बायकांची एकच इच्छा होती. लुंबिनीला, बुद्धाच्या जन्मस्थळी, प्रत्येकीच्या नावानं एक दिवा लागावा. जाणं जमणार होतं दोघींनाच, बायजाबाईला आणि तिच्या शेजारच्या आनंदाबाईला. बाकीच्यांनी धानाच्या रोवण्याच्या मजुरीतून उरवलेल्या दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा आणून दिल्या. त्यांना घामाचा आणि बिडीच्या पानांचा वास होता.

“असल्या मळक्या नोटा तिथं नेऊ काय?” बायजाबाई म्हणाली. “पाचशेच्या कोऱ्याच नेईन.”

“बायाइनं देल्ल्या तशाच ने वो,” आनंदाबाई म्हणाली.

“तुले काय समजते? जिंदगीत पाचशेची कोरी नोट पाह्यली काय तुनं?”

आनंदाबाई उठून गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

यात्रेची बस नेपाळच्या सीमेवर थांबली. बसबरोबर आलेला धर्मेंद्र मोठ्या नोटा मोडून घ्या म्हणून सगळ्यांना सांगत फिरला. तेव्हा पलीकडं भारताच्या शंभरापर्यंतच्याच नोटा चालत.

“आणा मावशी, इथंच मोडून आणतो.”

“तुह्या हातात देऊ? अन् तू मधात खाशीन!” असं म्हणून तिनं बटवा पोलक्यात आणखी खोल खोचला.

लुंबिनीत दिवे विकणाऱ्यानं तिची नोट उलटून पाहिली आणि बोटानं परत सरकवली. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा म्हणाला, पाचशेचे दोन दिवे देतो. त्याला तिनं अड्याळच्या बाजारातली शिवी हासडली. फोनवरून पैसे द्यावेत तर तो सीमेपासून मुकाच होता. बस सुटायची वेळ झाली होती. पिंपळाखाली देशोदेशीच्या माणसांचे दिवे तेवत होते, आणि त्यात अड्याळचा एकही नव्हता.

पायरीवर आनंदाबाई बसली होती. तिनं पदराची गाठ सोडली. आत घरूनच आणलेल्या शंभराच्या नोटा होत्या.

“पायजेत काय?”

“दे.”

“पह्यले म्हण. सगळ्याइच्या समोर म्हण, आनंदाबाईचं बरोबर होतं.”

त्यांच्या बसनं आलेली माणसं वळून पाहू लागली.

“अन् नाही म्हटलं तं?”

“तं घेऊन जाय तुह्या कोऱ्या नोटा वापस. दाखव बायाइले.”

बायजाबाईनं पिंपळाकडं पाहिलं. असे शब्द तिनं नवऱ्यासमोर काढले नव्हते, मिरचीच्या दलालासमोर काढले नव्हते.

“आनंदाबाईचं बरोबर होतं,” ती मोठ्यानं म्हणाली. लगेच त्याच दमात, “अन् तिचं काळीज दगडाचं हाय, हेबी ऐका!”

आनंदाबाईनं शंभराच्या नोटा दिल्या, आणि पाचशेची एकेक नोट उजेडात धरून खरी-खोटी पारखून घेतली.

मग बायजाबाई खाली बसली. एकेकीचं नाव घेत एकेक दिवा लावत गेली. शेवटी एक दिवा उरला. तो तिनं आनंदाबाईपुढं सरकवला.

“तुहं नाव एकदा घेतलं आज. आता नाही घेत. तुहा तूच लाव.”

आनंदाबाईनं लावला.

परतीच्या बसमध्ये दोघींच्या मधली सीट रिकामीच राहिली.