यंत्रापुढं धरलेला हात
ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली; परवा नातू "मजाक केली" म्हणाला आणि आज लिहायलाच बसलो. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर भूमच्या बाजाराला तंबूतला सिनेमा यायचा. त्याच्या मालकांना, चाचांना, वाचता येत नव्हतं; मी तिथला मास्तर, माझं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. त्यांच्या सिनेमावर हैदराबादच्या पेपरात आलेलं परीक्षण मी तंबूत, रॉकेलच्या वासात, मोठ्यानं वाचलं: 'मोहब्बत के मंज़र में मज़ाक़ बुलंद है.' "म्हणजे काय, मास्तर?" "प्रेमाच्या प्रसंगाची पार थट्टा झालीय म्हणतो," मी ठासून सांगितलं. "मग लोक हसतील की वो," चाचा म्हणाले. तेव्हापासून तो प्रसंग आला की चाचा यंत्राच्या उजेडापुढं हात धरायचे. अंधारात शिट्ट्या व्हायच्या, "चाचा, हात काढा, आमचं लगीन व्हायचंय अजून." हळूहळू माणसं यायची थांबली आणि तंबू कायमचा उठला. पुढं एका मौलवींनी मला समजावलं, जुन्या उर्दूत मज़ाक़ म्हणजे रसिकता. प्रेमाच्या प्रसंगात रसिकता उंच आहे, अशी टीकाकारानं तारीफच केली होती. मी तडक बेंबळीला चाचांच्या घरी गेलो. त्यांनी खाट झटकून मला बसवलं, हातात चहा दिला आणि शेजाऱ्याला अभिमानानं म्हणाले, "ह्या मास्तरांमुळं माझं हसं व्हायचं टळलं बघा." "चाचा, मला माफ करा," एवढे शब्द वाटभर घोकत नेले होते, ते मी चहाबरोबर गिळले.