सरांनी मला दिलेला शब्द

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नाही. आपल्यासारख्यानं छापायला काही द्यावं का, असं वाटून हा मजकूर मी दोनदा फाडला. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांनी मला शिकवलं आहे, हेही आहे. तरी लिहितो.

कॉलेजच्या हॉलमध्ये मला उभं केलं होतं. जिल्हा नवा झाला होता आणि लातूरहून नवे साहेब पाहुणे म्हणून उदगीरला आले होते. इंग्रजीच्या सरांनी माझ्या वहीचं पान हातात धरलं आणि मोठ्यानं वाचलं. "अवर वॉल्स आर बेअर. माय फादर्स फेस इज सिव्हिअर. वुई ईट वन प्लेन मील." एकेक वाक्य झालं की मराठीत अर्थ सांगत. भिंती उघड्या. बापाचा चेहरा कठोर. एकवेळचं साधं जेवण.

मग माझं नाव घेतलं. "ऊठ. दिसू दे सगळ्यांना."

उठलो. चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून तो पाय बाकाखालीच ठेवला.

"याला म्हणतात ऑस्टिअर लाइफ, स्वतःहून पत्करलेलं साधं राहणं," सर म्हणाले. "दुष्काळ म्हणून आपण रडतो. या मुलाची एक तक्रार नाही. याला काही लागत नाही."

टाळ्या पडल्या.

मला लागत होतं. मला वसतिगृहातली एक खाट लागत होती.

आमचं गाव उदगीरपासून तीन कोसांवर. रोज पायी यायचो, पायी जायचो. आई आणि बाप रोजगार हमीवर खडी फोडायला. गावातली विहीर आटलेली. टँकर सकाळी यायचा, म्हणून आधी रांगेत घागरी लावायच्या, पाणी घरी टाकायचं, मग निघायचं. पहिला तास कधी मिळाला नाही. जिल्हा झाल्यावर उदगीरला नवं वसतिगृह निघालं. आमच्या कॉलेजला एक जागा. कॉलेजनं ज्याची शिफारस करायची, त्याला ती मिळणार. शिफारस सरांच्या हातात होती. सर मला म्हणाले होते, "तुझंच नाव पाठवतो. निश्चिंत रहा."

का ठेवू नये विश्वास? सर आमच्या बौद्धवाड्यात आले होते. सायकलवरून, उन्हाचे. आमच्या घरात बसले, गुळाचा कोरा चहा प्याले. गेल्यावर आई कप हातात धरून बसली.

"सर च्या पिले रे आपल्या घरात," ती म्हणाली. "धुवू का कप, का तसाच फोटोजवळ ठेवू?"

"धू," बाप म्हणाला. "उद्या आपल्यालाबी प्यायचाय."

सरांनी एक पद्धत घातली होती. दर सोमवारी फळ्यावर इंग्रजीचा एक शब्द, खाली त्याचे समानार्थी शब्द आणि प्रत्येकाचं एक वाक्य. माझं अक्षर बरं, म्हणून फळा मी लिहायचो. ऑस्टिअर हा शब्द सरांनीच दिला. ग्रंथालयातली डिक्शनरी घरी नेता येत नसे. मी तिथंच बसून शब्द काढले. बेअर, सिव्हिअर, प्लेन, स्टार्क, फ्रुगल. वाक्यं सुचेनात.

"तुझ्या घरावरून लिही," सर म्हणाले. "वाक्यात जीव पाहिजे."

"फळ्यावर नका लावू सर ती. नावबी नको."

"अरे, आपल्या दोघांतच राहील."

म्हणून खरं लिहिलं. माणूस कुणालाही आपल्या भिंती दाखवत नाही.

हॉलमधून बाहेर पडलो तर पोरं उभीच होती. "काय ऑस्टिअर, झालं का प्लेन मील?" एकानं माझा डबा ओढला. "आन इकडं. ह्याला काही लागत न्हाई म्हणायलेत सर." मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तरी वाटायचं, खाट तर मिळेल.

पंधरा दिवसांनी ऑफिसातल्या कारकुनानं मला बोलावलं. त्यांनी फाइलमधली शिफारसपत्राची प्रत पुढं सरकवली. "वाच बाबा. तुझं नाव गेलंच न्हाई."

सरांचंच अक्षर. 'सदर विद्यार्थी साध्या राहणीचा असून आहे त्या परिस्थितीत समाधानी आहे. त्यास वसतिगृहाची आवश्यकता वाटत नाही.' खाली दुसऱ्याचं नाव. त्याचं घर उदगीरच्याच पेठेत होतं.

मी सरांच्या खोलीत गेलो. ते रागावले नाहीत. खुर्ची दाखवली. मी बसलो नाही.

"तिथली पोरं दिवसभर मोर्चे, पत्रकं करतात," ते म्हणाले. "तू बिघडला असतास. तुझ्यात जे आहे ते जपायला पाहिजे. मी तुझं भलंच पाहिलं."

"सर, तुमचा मुलगा कुठं राहतो?"

"नांदेडला."

"घर हाय का तिथं?"

"वसतिगृहात आहे. तो विषय वेगळा."

मग त्यांनी खडू पुढं केला. सोमवारचा शब्द लिहायचा होता. मी तो घेतला नाही.

"मी लिहिणार नाही."

त्या वाक्यात 'सर' म्हणालो नाही. पहिल्यांदाच.

त्या दिवशी ग्रंथालयात डिक्शनरीतलं ते पान पुन्हा काढलं. शब्द चुकीचा नव्हता. सरांनी तो चुकीच्या माणसाला लावला होता. सरांच्या वाड्यात पाण्यानं भरलेला आड आहे आणि सर तांब्याभर पाण्यात अंघोळ करतात. त्यांना तो शब्द शोभतो. माझी आई रांगेत उभी राहून तांब्याभर पाणी मिळवते. ती ऑस्टिअर नाही. तिच्याकडं पाणी नाही. आमच्या भिंती आम्ही उघड्या ठेवलेल्या नाहीत. बाप जेवण सोडत नाही, ते नसतं.

वर्षभर चाललो. सकाळचा पहिला तास वर्षभर बुडाला.

यंदाचा अर्ज मी स्वतः लिहिला. मराठीत. मला काय लागतं ते लिहिलं. खाट लागते. दिवा लागतो. पाणी लागतं. सकाळचा पहिला तास लागतो. समाधानी आहे, असं कुठंही लिहिलं नाही. प्राचार्यांची सही घेतली, सरांकडं गेलो नाही. परवा लातूरला जाऊन वसतिगृहाचे अर्ज घेणाऱ्या ऑफिसच्या खिडकीशी उभा राहिलो.

आतल्या बाईंनी कॉलेजचं नाव वाचलं, मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं.

"तुमच्या कॉलेजची जागा होय? मागच्या साली नाव आलं, पण पोरगं राहायला आलंच नाही. वर्षभर रिकामी होती ती खाट. तुम्हाला माहीत न्हाई?"

मी अर्ज आत सरकवला आणि म्हणालो, पोच द्या. पोच मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही.