डावं माप, उजवं माप

मावशी माप घेताना तोंडात टाचण्या धरायच्या आणि त्यांच्या फटीतूनच बोलायच्या. आधी डावी बाजू मोजून आकडा लिहायच्या, मग उजवी. एखादी नवी बाई हसली, की म्हणायच्या, "दोन्ही बाजू कुणाच्याच सारख्या नसत्यात गं. देवानं काय फीत लावून केलंय व्हय आपल्याला?"

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आम्ही वरच्या खोलीत राहायचो आणि खालच्या खोलीत मावशींचं शिलाई मशीन चालायचं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिला सगळ्या गल्लीच्या अंगाची माहिती असते आणि जी त्यातलं अवाक्षर बाहेर काढत नाही. मावशी मापाच्या चिठ्ठीवर नावसुद्धा लिहीत नसत. ब्लाउजच्या कापडाचा तुकडा तेवढा चिठ्ठीला टाचायच्या. "नाव कशाला? वाऱ्यानं चिठ्ठी उडाली तर बाईची अब्रूबी उडायची."

ही सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. टेंभुर्णीकडच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बी.ए. झाले, सोलापुरात भावाकडे राहून मुलींच्या शाळेत शिकवू लागले. नोकरी जमली, लग्न जमेना. दुसरं स्थळ बघून गेलं तेव्हा मुलाची आई जिन्यातच म्हणाली, "पोरगी शिकलीय चांगली, पर अंगानं निव्वळ फळकूट!" मी आत चहाच्या कपबश्या उचलत होते. तिथवर ते स्पष्ट ऐकू आलं.

मग मुंबईच्या चुलत बहिणीनं एका इंग्रजी मासिकातलं कात्रण पाठवलं. छातीत सिलिकॉनची पिशवी बसवून उभारी आणण्याचं ऑपरेशन. तिच्या ओळखीचे डॉक्टर होते. मे महिन्याच्या सुट्टीत ये, कुणाला कळणारही नाही, असं तिनं लिहिलं होतं. मी मनानं तयार झाले होते. पुढे माप बदलेल म्हणून ब्लाउजला दिलेलं निळं कापड आत्ता शिवू नका, एवढं सांगायला मी मावशींकडे गेले, आणि त्यांनी दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं.

"वाच की ते कात्रण," त्या म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद गाळला.

"खालचं बारीक राहिलं."

इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या बाईनं मला पकडलं होतं. मी अर्थ सांगितला. रक्त साकळू शकतं, जखम पिकू शकते, पिशवीभोवती गाठीसारखं कडक होऊ शकतं, पिशवी फुटू शकते, स्पर्श कळेनासा होऊ शकतो, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. मी हे सगळं शब्दकोशात पाहिलं होतं. परीक्षेला पाठ करावं तसं घडाघडा सांगितलं.

"शब्द कळले तुला," मावशी म्हणाल्या आणि पत्र्याच्या डब्यातून चार चिठ्ठ्या काढून माझ्यापुढं मांडल्या. "आता हे वाच. एकाच बाईच्या हायती चारी."

पहिलीला झगमगीत जांभळं साटीन टाचलेलं होतं. डावं-उजवं माप जवळजवळ एकच.

"ऑपरेशन करून आली तवाचं. नाटकातली बाई. लई खूश हुती."

दुसऱ्या चिठ्ठीत डावीकडचा टक्स, म्हणजे छातीवरची शिवलेली चुणी, एक इंच वर सरकलेला. तिसरीत बाही आणि काख भलतीच सैल.

"डावीकडं दगडावानी झालं हुतं. हात वर जाईना, ठणका लागायचा. फीत टेकवली तरी ओरडायची."

चौथीला पांढऱ्या मलमलीचा तुकडा होता. त्यावर मावशींनी लिहिलं होतं, 'डावीकडं आतून कापसाची गादी.'

"काढून टाकलं?"

"काढलं की. पुन्यांदा कापून."

मी चारही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या. मग विचारलं, "सगळ्यांचं असंच होतं?"

"न्हाय. खोटं कशाला बोलू? सगळ्यांचं न्हाय हुत. पर तुझं कसं हुईल, ते मला सांगता यायचं न्हाय आन् तुझ्या कात्रणालाबी. मी शिवणारी बाई. डाक्टरलाच इचार. किती वर्सं टिकतंय, बिघडलं तर काढणार कोण, पुढं लेकराला पाजता येतंय का. लिवून घे, बाईसाहेब. तितं गेल्यावर जीभ टाळूला चिकटती."

"तुम्ही जाऊ नको म्हणत नाही?"

"अंग तुझं हाय. करायचं तर समजून कर. तवाबी तुझं माप मीच घेईन की."

मी मुंबईला गेले. डॉक्टर सरळ माणूस होते. माझी वही बघून आधी हसले, मग एकेक उत्तर नीट दिलं. पिशवी जन्मभर टिकेल असं सांगता येणार नाही, म्हणाले. दूध येईलच याची खात्री देता येणार नाही, म्हणाले. मी वही मिटली आणि विचार करून कळवते म्हणून उठले. कळवलं नाही.

परत आले तेव्हा काय ठरवलं, हे मावशींनी विचारलं नाही. टाचण्या तोंडात धरल्या आणि फीत काढली. डावीकडं, उजवीकडं. अर्ध्या इंचाचा फरक निघाला.

तो निळा ब्लाउज अंगावर असा बसला, की मी पहिल्यांदाच आरशासमोर खांदे न पाडता उभी राहिले. तो घालून तिसऱ्या स्थळासमोर बसले. जमलं नाही. चौथं जमलं, तेव्हाही तोच होता. पुढे बाळंतपणानंतर, मग अंग सुटल्यावर, मावशींनी नव्या चिठ्ठ्या केल्या. जुनी त्या कधी फेकत नसत.

मावशी गेल्या तेव्हा मी परगावी होते. त्यांच्या सुनेनं तो पत्र्याचा डबा त्यांच्याच सांगण्यावरून चुलीत रिकामा केला होता.

मागच्या महिन्यात नव्या शिंप्याकडे मापासाठी मावशींनी शिवलेला शेवटचा ब्लाउज दिला. त्यानं तो टेबलावर पसरला, पुढचे दोन्ही भाग एकमेकांवर ठेवले आणि कडा जुळेनात म्हणून तीनदा ओढून पाहिले.

"बाई, कुणी शिवलाय हा? चुकलाय की. दोन्ही बाजू सारख्या नाहीत."

"चुकलेला नाही," मी म्हटलं. "आहे तसाच शिवा."