परबकाका आणि वफ्र्यातली थंडी

कुठल्याही खोलीत शिरलं की परबकाका आधी बूट-मोजे काढत आणि अनवाणी पायांनी चारही कोपऱ्यांत उभे राहत. तापमान मोजायचं यंत्र खिशात असे, पण ते नंतर. माझ्या कामाच्या पहिल्याच दिवशी, कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या एका घरात, मी घाईने भिंतीवरचा आकडा वाचला आणि म्हणालो, "काका, एकवीस आहे. ठीक आहे." ते कोपऱ्यातून म्हणाले, "सायबा, आकडो भिंतीर आसा. घरातली म्हातारी हंय खाली बसता. हंय पाय ठेवन बघ." मी थंडगार फरशीवर पाय ठेवला आणि लगेच उचलला.

कुवेतमध्ये थंडी पडते हे मला जिंतूरला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. घरात पदवी घेतलेला मी पहिला. मेकॅनिकलची डिग्री घेऊन एसी देखभालीच्या कंपनीत लागलो आणि अब्बासिया भागातल्या कंपनीच्या खोलीत मला काकांच्या शेजारचा पलंग मिळाला. ते मालवणकडचे, आठवी शिकलेले, वीसएक वर्षं इथे काढलेले तंत्रज्ञ. पहिले दोन महिने त्यांनी मला भात-आमटी करून घातली आणि मी चुकलो तर ते चारचौघांत कधी बोलले नाहीत.

हीट पंप मला पाठ होता, पण कळला त्यांच्यामुळे. उन्हाळ्यात घरातली गरमी बाहेर टाकणारी मशीन हिवाळ्यात उलटी चालते आणि बाहेरची गरमी आत आणते. बाहेर थंडी असताना गरमी कुठली, हे त्यांना विचारलं तर म्हणत, "ओहोटी लागली की आमच्याकडे बायका चिखलातसून तिसऱ्यो, शिंपले येचतत. वरसून बघशीत तर नुसतो चिखल. मशीन तसाच करता."

थंडी वाजली की लोक रिमोट थेट तीसवर नेत. त्याने खोली लवकर तापत नाही. मशीन फक्त थांबायचं विसरते आणि वीज खात राहते. काका घरमालकिणीला इथल्या रिवाजाने 'मामा' म्हणत आणि समजावत, "मामा, बीस पे रखो. शुवै शुवै, धीरे धीरे गरम होगा." एकदा एका बाईंनी विचारलं, तुमच्यात इंजिनिअर कोण? काकांनी माझ्याकडे बोट केलं. "इंजिनिअर वो है. मैं उसका पाँव."

मग कुवेतच्या दक्षिणेकडच्या वफ्रा भागातलं एक शेत आलं. मालकाचा बंगला, हरितगृहं आणि मजुरांच्या चार पत्र्याच्या केबिन. वीज फार जाते, अशी तक्रार होती. मी दोन आठवडे मीटर वाचले आणि आयुष्यातला पहिला स्वतंत्र अहवाल लिहिला. केबिनमध्ये रात्रभर तीसवर हीटिंग चालतं. रात्री दहा ते पहाटे पाच ते बंद ठेवावं, मजुरांना बदलता येऊ नये म्हणून सेटिंगला कोड घालावा. ऑफिसने शाबासकी दिली. कोड घालायला काका आणि मी गेलो.

"बंगल्यात तीन खोल्यो रिकाम्यो तापतत," काका म्हणाले, "ता नाय लिवलंस?"

"काका, बंगला मालकाचा आहे. मागितलं तेवढं लिहिलं."

"हे मजूर कोळसो पेटवतले, सायबा. दार लावन."

"कोळसा पेटवू नका अशी सूचना लावू ना."

मी हिंदी आणि इंग्रजीत सूचना लावली. तिसऱ्या केबिनमधले दोघे फक्त बंगाली वाचत. हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

जानेवारीत वाळवंटावरून वारा सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे उठले नाहीत. पत्र्याच्या ट्रेमध्ये कोळशाची राख होती आणि दाराखालच्या फटीत घोंगडी कोंबलेली. बंद खोलीत धुराचं विष साठून झोपेतच गेले. आम्हाला बोलावलं ते मशीन तपासायला. काकांनी कोड काढला. दहा मिनिटांत गरम हवा आली. मी लिहिलं, 'यंत्र सुस्थितीत.' ते खरंच होतं.

परतताना मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलंय. आणि मगे कोड पण माज्याच हातान घातलंय. पाप तुज्या एकट्याचा म्हणा नको."

कोड काढावा आणि केबिनचं हीटिंग रात्रभर वीसवर ठेवावं, असा सुधारित अहवाल मी दिला. तो कोणी मागितला नव्हता, असं ऑफिसने कळवलं. मालक वापर कमी झाल्यामुळे समाधानी होता. शेतावरचा कोळसा हटवला गेला आणि ऑफिसच्या सांगण्यावरून कोड परत घातला गेला. या वेळी सूचना बंगालीतही लागली. काकांनी राजीनामा दिला. विमानतळावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅग उचलून आत गेले.

गावाहून दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. तब्येतीचं सांगून झालं की एकच प्रश्न, "तो कोड काढल्यानी?" मी म्हणायचो, बघतो. पुढच्या हिवाळ्यात किडनीच्या आजाराने ते अंथरुणाला खिळले. आवाज ओळखू येईना. तेव्हाही तेच विचारलं.

"हो काका, काढला."

"कितीर ठेवलंस?"

"वीसवर."

मग म्हणाले, "बरा केलंस."

आठ दिवसांनी ते गेले.

वफ्र्याच्या देखभालीला आता मीच जातो. कोड मला पाठ आहे. काढला तर महिन्याभरात मीटरवर दिसेल आणि माझं नाव पुढे येऊन नोकरी जाईल. घरी धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू आहे. मी चारही केबिन फिरतो, रात्री दहा ते पाच हीटिंग बंद असल्याची खात्री करतो आणि सही करतो.